काठावरची साखर

वैद्यकातले काही शब्द दवाखान्यातून बाहेर पडून लोकांच्या बोलण्यात मुक्कामाला येतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत असा एक शब्द चांगलाच रुळला आहे. ‘शुगर बॉर्डरवर आहे’ असे लोक म्हणतात. डॉक्टर रुग्णाला तसे सांगतात, रुग्ण घरी येऊन तसेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याला हायसे वाटते. बॉर्डरवर आहे, म्हणजे अजून अलीकडे आहे. ‘शुगरची बिमारी’ पलीकडच्या मुलखातली, आपण आपल्याच गावात. या एका रूपकाने काय साधले आणि काय बिघडवले, याचा विचार भाषेच्या शिक्षकांनीही करावा असे आम्हांस वाटते. शब्द वैद्यकाचा असला, तरी त्याचा इतिहास हा अर्थाच्या स्थित्यंतराचा इतिहास आहे.

इंग्रजी वैद्यक या अवस्थेला ‘प्रीडायबेटिस’ म्हणते. मराठीत ‘मधुमेहपूर्व स्थिती’ असा पर्याय छापला जातो, पण तो बोलला जात नाही. रक्तातील साखर निरोग्यापेक्षा अधिक आणि मधुमेह्यापेक्षा कमी, अशी ही मधली जागा आहे. तेथे बहुधा काही दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ती ओळखणे हे सर्वस्वी डॉक्टरच्या ज्ञानावर आणि नजरेवर अवलंबून राहते. घरातल्या तीन पिढ्यांना नावानिशी ओळखणारा जो फॅमिली डॉक्टर, त्याच्या मनात या अवस्थेचे चित्र कोणते आहे? ते चित्र कोणाच्या देहावरून काढलेले आहे? आणि झाडीपट्टीतल्या माणसाचा देह त्या चित्रात बसतो काय? प्रस्तुत लेखाचे प्रश्न हे आहेत.

आरंभ जुन्या ग्रंथांपासून करणे सोयीचे. आयुर्वेदाने रोगज्ञानाची पाच साधने मानली: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातील ‘पूर्वरूप’ म्हणजे रोग प्रकट होण्याआधी उमटणारी त्याची चाहूल. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे दिली आहेत. तोंडाला गोडी येणे, हातापायांना बधिरता आणि दाह, घशाला कोरड, आळस, आणि अंगाला व मूत्राला मुंग्या लागणे, अशी ती यादी आहे. खाण्याचा लोभ आणि हिंडण्याफिरण्याचा तिटकारा असणाऱ्या माणसाकडे प्रमेह कसा ओढला जातो हे सांगताना चरकाने पक्षी आणि झाड यांची उपमा योजली आहे. वैद्यकाच्या ग्रंथात ती अनपेक्षितपणे भेटते आणि लक्षात राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाचे रुग्ण दोन प्रकारचे सांगितले: एक स्थूल, दुसरा कृश. सुश्रुताने त्यांची कारणेही वेगळी मानली. एकाला रोग जन्मतः मिळालेला, दुसऱ्याने तो अपथ्याने ओढवून घेतलेला. चिकित्साही त्यानुसार वेगळी. स्थूलाचे शोधन करावे, कृशाचे बृंहण म्हणजे पोषण करावे. प्राचीनांना आजचे सारे ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. त्यांच्या ‘कृश’ रुग्णात आज ज्यांना आपण वेगवेगळे आजार म्हणू असे अनेक आजार एकत्र आले असणार. तथापि वैद्यापुढे बारीक अंगाचा माणूस बसला, तर त्याच्या बारीकपणामुळे रोगाची शंका सोडून देऊ नये, आणि त्याला उपाशी तर मुळीच ठेवू नये, एवढे भान त्या मांडणीत स्पष्ट आहे. पुढे हे भान कसे हरवले, ते आता पाहू.

आधुनिक वैद्यकात ‘प्रीडायबेटिस’ हा शब्द एकदा आला, गेला आणि पुन्हा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६५ मध्ये तो वापरला तो मागे वळून पाहण्याच्या अर्थाने. ज्याला पुढे मधुमेह झाला, त्याचा त्याआधीचा काळ म्हणजे ‘प्रीडायबेटिस’. म्हणजे हा शब्द जिवंत रुग्णाला उद्देशून उच्चारताच येत नसे, तो केवळ इतिहासलेखनाचा शब्द होता. १९७९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय मधुमेह माहिती गटाने वर्गीकरणाची फेरमांडणी केली, तेव्हा ‘सुप्त’, ‘रासायनिक’, ‘बॉर्डरलाइन’ अशी सारी विशेषणे मोडीत काढली. त्यामागचे एक कारण सामाजिक होते. ज्याला मधुमेह झालेलाच नाही त्याच्यावर मधुमेह्याचा शिक्का बसला, की त्याचा विमा आणि नोकरी धोक्यात येई. म्हणून ‘ग्लुकोजसहनशीलतेतील बिघाड’ असे कोरडे नाव रूढ करण्यात आले. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्तातील साखर १४० ते १९९ मिलिग्रॅमच्या दरम्यान असली, तर तो हा बिघाड.

१९९७ मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेसाठीही असाच मधला टप्पा आखला: ११० ते १२५. २००२ मध्ये ‘प्रीडायबेटिस’ हा जुना शब्द लोकजागृतीसाठी मुद्दाम परत आणला गेला, आणि २००३ मध्ये ११०ची रेषा १००वर ओढली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ११०ची रेषा कायम ठेवली. परिणामी उपाशीपोटी १०५ साखर असलेला माणूस एका प्रमाणाने ‘काठावर’, तर दुसऱ्या प्रमाणाने निखालस निरोगी. २०१० मध्ये त्यात एचबीए१सी या चाचणीची भर पडली. तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, हे मोजून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही चाचणी. तीत ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे प्रीडायबेटिस, असे अमेरिकन संघटनेने ठरवले. आपल्याकडील बॉर्डर ही अशी आहे: निसर्गाने आखलेली नव्हे, समित्यांनी आखलेली आणि वेळोवेळी सरकवलेली.

शब्द परत आला तोच मुळी एका मोठ्या आशेच्या बळावर. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेतील ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’चे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आहार, व्यायाम आणि वजनातील सात टक्के घट यांच्या साहाय्याने काठावरच्या माणसांतील मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी खाली आले होते. मेटफॉर्मिन या गोळीने ते ३१ टक्क्यांनी उतरले. आदल्याच वर्षी फिनलंडमधूनही ५८ टक्क्यांचाच आकडा आला होता. रोग येण्याआधी त्याला थोपवता येते, ही वार्ता मोठीच होती. पण त्या अमेरिकन प्रयोगातील माणसांचा सरासरी बॉडी मास इंडेक्स होता ३४. म्हणजे ती माणसे चांगलीच स्थूल होती. तेथून जगभरच्या डॉक्टरांच्या मनात जे चित्र ठसले ते या देहाचे: सुटलेले पोट, बैठे काम, भरलेले ताट. आणि उपदेशही ठरून गेला, ‘वजन कमी करा.’

चेन्नई येथे ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग भारतीयांवर केला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ५३१ माणसे आणि सरासरी बॉडी मास इंडेक्स २५.८. जीवनशैली बदलल्याने मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी, दोन्ही एकत्र दिल्याने अधिक काही साधले नाही. लाभ झाला, पण अमेरिकेच्या जवळजवळ निम्मा. आणि वजनात लक्षणीय घट न होताही तो झाला. म्हणजे भारतीय देहातील बिघाडाची आणि सुधारणेची वाट वजनाच्या काट्यावरून जात नव्हती. मग ती कोठून जात होती?

याचे उत्तर शोधण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची अपत्ये यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, तुलनेसाठी निवडलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. बाळे लहानखुरी होती, स्नायू क्षीण होते, पोटाचा घेर कमी होता. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली होती. ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे हे भारतीय बाळ. म्हणजे पुढच्या आजाराची जमीन आईच्या पोटातच, आणि तीही आईच्या अपुऱ्या पोषणाच्या काळात, तयार होत होती.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचाच देह पुरावा म्हणून पुढे ठेवावा, हे वैद्यकीय लेखनात विरळाच. आम्ही ते छायाचित्र एक संहिता म्हणून वाचतो. दोन वाक्यांची मात्रासंख्या सारखी असावी आणि अर्थ मात्र वेगळा निघावा, तसे ते दोन देह आहेत.

सहा खेड्यांतील ती बाळे मोठी झाली. अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘डायबेटॉलॉजिया’ या नियतकालिकात आले. अंगाने ही मुले सडपातळ होती. तरीही सुमारे तीस टक्क्यांची साखर वाढलेली आढळली, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण बरेच अधिक होते. गर्भात ज्यांची वाढ कमी झाली, ज्यांची उपाशीपोटीची साखर बालपणापासूनच किंचित वरच्या अंगाला होती, त्यांच्यात हा बिघाड अधिक होता. अठरा वर्षे म्हणजे आपल्या बी.ए. प्रथम वर्षाच्या वर्गाचे वय. हजेरी घेताना ज्यांना आपण ‘काटक’ म्हणतो, ती ही मुले.

आता पुण्याहून झाडीपट्टीकडे वळू. पुण्याच्या खेड्यांवरून गडचिरोलीबद्दल थेट निष्कर्ष काढता येणार नाही. माणसे वेगळी, अन्न वेगळे, श्रम वेगळे. पण जन्माच्या वेळच्या वजनाचा धागा दोन्हीकडे आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेमार्फत तेथे काम आरंभले. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतील प्रशिक्षित स्त्रियांनी, आरोग्यदूतांनी, घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षात तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी खाली आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने पुढे देशाच्या आरोग्यधोरणाला वळण दिले. २००१ मध्ये महाराष्ट्रातील बालमृत्यूंची मोजदाद ‘कोवळी पानगळ’ या नावाने पुढे आली. साहित्याच्या वाचकाला हे नाव वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. प्रशासनाच्या आकडेवारीला जे जमले नव्हते ते त्या दोन शब्दांना जमले.

त्या गावांतील बाळांपैकी सुमारे चाळीस टक्के कमी वजनाची जन्मत होती. जी गळून पडली असती अशी कितीतरी पाने त्या आरोग्यदूतांनी फांदीवर टिकवली. ती मुले आज सत्तावीस ते एकतीस वर्षांची आहेत. कोणी शेतावर आहे, कोणी मिरची तोडायला तेलंगणात जातो, कोणी सुरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकवर आहे, कोणी चंद्रपूरच्या कोळसाखाणीत कंत्राटी कामगार आहे, कोणी आमच्यासारख्यांच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत दिवसभर बसून आहे. कोदो-कुटकीची जागा भाताने आणि बिस्किटाच्या पुड्याने घेतली आहे. खर्रा तोंडात आहेच. पोटात असताना टंचाईसाठी घडलेला देह आता बैठ्या कामात आणि स्वस्त पिठा-साखरेत वावरतो आहे. जगवण्याचा इतिहास लिहिला गेला. जगलेल्यांच्या पुढच्या आयुष्याचे प्रकरण आता सुरू होते आहे, आणि त्याचा पहिला वाचक फॅमिली डॉक्टर आहे.

जंगलातला माणूस कष्टाळू, त्याला कसली आली शुगर, हा समज शहरी आहे, तसा तो भाबडाही आहे. २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ गावांतील मृत्यूंचा माग घेतला गेला, तेव्हा सर्वांत मोठे कारण ठरले ते पक्षाघात. साधारण दर सात मृत्यूंमागे एक. पक्षाघाताचे मुख्य कारण रक्तदाब, हे खरे. साखरेचा वाटा वेगळा मोजावा लागेल. पण हे ‘शहरी’ आजार जंगलाच्या वेशीवर थांबून राहिलेले नाहीत, एवढे त्यावरून सिद्ध होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात, महाराष्ट्रात मधुमेही ८.४ टक्के आणि काठावरचे १२.८ टक्के आढळले होते. २०२३ मध्ये संपूर्ण देशाचे चित्र आले: मधुमेही ११.४ टक्के, काठावरचे १५.३ टक्के. मधुमेहात शहर आणि खेडे यांत मोठी तफावत होती. काठावरच्यांत ती जवळजवळ नव्हती. खेड्यातला मधुमेह अद्याप पूर्वरूपात आहे, असाच याचा अर्थ.

डॉक्टरची नजर सडपातळ देहाने फसते, तशी ती प्रयोगशाळेच्या कागदानेही फसू शकते, आणि ही गोष्ट या दोन जिल्ह्यांत विशेष महत्त्वाची आहे. एचबीए१सीचा सारा भरवसा एका गृहीतावर आहे: तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तितके दिवस साखर गोळा करते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. तिला साखर चिकटायला अवधीच मिळत नाही; चाचणीचा आकडा खोटाच कमी येतो. विदर्भातील आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल पूर्वीपासून आहे. मध्य भारतातील त्याची नोंद नागपूरहून १९५८ मध्ये झाली. सिकलसेलचा केवळ वाहक असलेल्याला रोग नसतो. पण त्याचाही आकडा किंचित कमी दिसू शकतो. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फरक सुमारे ०.३ निघाला. तो आकडा इकडे जसाच्या तसा लावू नये, पण ५.९ आणि ५.६ यांच्यातील अंतर तेवढेच आहे, आणि त्यांच्या मधूनच ५.७ची रेषा जाते, हे विसरू नये.

भरीला हिवताप. त्यानेही तांबड्या पेशी फुटतात आणि आकडा खाली येतो. याउलट लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात हाच आकडा वर सरकतो. एकाच घरात मुलगा सिकलसेलचा वाहक, सून रक्तक्षयी आणि बाप नुकताच हिवतापातून उठलेला, अशी स्थिती गडचिरोलीत अपवादात्मक नाही. त्या तिघांचे कागद शेजारी ठेवले तर तिन्ही आकडे तीन वेगळ्या कारणांनी अविश्वसनीय. उपाय अवघड नाही. उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनंतरची साखर रक्तपेशीच्या आयुष्यावर अवलंबून नसते. पण त्यासाठी रुग्णाने सकाळच्या पहिल्या एस.टी.ने उपाशीपोटी यावे आणि दोन तास थांबावे लागते. एचबीए१सीचे रक्त मात्र केव्हाही घेता येते. सोयीची चाचणी येथे नेमकी कमी भरवशाची आहे. डॉक्टरला हे ठाऊक असणे, हाच ज्ञान असण्याचा अर्थ.

ते त्याला ठाऊक असते काय? परदेशातील स्थिती पाहिली तर कोणीच फार ताठ मानेने बोलू नये. अमेरिकेतील प्राथमिक सेवा देणाऱ्या १४० डॉक्टरांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणाची तपासणी करावी हे ठरवणारे सर्व धोके केवळ सहा टक्क्यांना अचूक ओळखता आले. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी या दोहोंच्या मर्यादा बरोबर सांगता आल्या त्या सतरा टक्क्यांना. ज्या देशात या रेषा आखल्या गेल्या तेथली ही अवस्था. मग सिरोंचा, एटापल्ली किंवा जिवतीच्या डॉक्टरला दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्यांत आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर पुष्कळ आहेत. त्यांतील आयुर्वेदाच्या पदवीधराने महाविद्यालयात प्रमेहाची पूर्वरूपे आणि कृश-स्थूल हा भेद परीक्षेपुरता का होईना, पाठ केलेला असतो. व्यवसायात मात्र तो ज्या माहितीपत्रकावर विसंबतो त्यावर छापलेले चित्र स्थूल माणसाचेच असते. एकाच माणसाच्या डोक्यात दोन ज्ञानपरंपरा शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. वसाहतकालीन शिक्षणाने आपल्या साहित्यविचारात जे घडवले, तेच येथेही घडले आहे, असे म्हणण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काठावरच्या प्रत्येकाला मधुमेह होतोच असे नाही. कित्येकांची साखर आपोआप उतरते. मग कोट्यवधी निरोगी माणसांना अर्धरुग्ण ठरवण्याचा हा खटाटोप कशासाठी? २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा आक्षेप फार समर्थपणे मांडला गेला. मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते जॉन युडकिन. छायाचित्रात याज्ञिकांशेजारी उभे असलेले तेच. सडपातळ देहात लपलेली चरबी जगाला दाखवणाऱ्यानेच पुढे ‘प्रीडायबेटिस’च्या शिक्क्याविरुद्ध लिहावे, यात आम्हांला विसंगती दिसत नाही. देह बारकाईने वाचा, हे एक म्हणणे. पण त्याला घाईने नाव देऊ नका, हे दुसरे. दोन्ही म्हणणी एकाच सावध वाचकाची आहेत.

नाव देण्या-काढण्याच्या या राजकारणाचा आणखी एक दाखला आमच्या विषयाला अगदी लागून आहे. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुपोषणाशी निगडित मधुमेह हा वेगळा प्रकार मान्य केला होता. १९९९ मध्ये तो यादीतून काढून टाकण्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनाच्या वेळी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ या नावाने पुन्हा मान्यता दिली. मधल्या पाव शतकात असे रुग्ण होतेच. त्यांच्यासाठी शब्द नव्हता. ज्याला शब्द नाही तो आजार नोंदवहीत येत नाही, आणि जो नोंदवहीत येत नाही त्याच्यासाठी औषध येत नाही. दलित आणि आदिवासी साहित्य शिकवणाऱ्याला हा न्याय नवा नाही.

तेव्हा फॅमिली डॉक्टरकडून अपेक्षा कोणती करावी? नवी यंत्रे नव्हेत. ‘फॅमिली’ या शब्दातच त्याचे खरे साधन आहे. तुझे जन्मवजन किती होते? तू पोटात असताना आईला पुरेसे खायला मिळत होते का? आईला बाळंतपणात साखर निघाली होती का? घरात कोणाला सिकलसेल आहे? आधी काय काम करीत होतास, आता काय करतोस? कंबर किती? पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही आशियाई मर्यादा मोजायला एक टेप पुरते. यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे विशेषज्ञाला ठाऊक नसतात. गावच्या डॉक्टरला ती विचारण्याआधीच निम्मी ठाऊक असतात. आशा कार्यकर्ती जी तपासणी-यादी घेऊन फिरते, तीत वय, कंबर, तंबाखू, कुटुंबातील आजार हे सारे आहे. पण ती तिशीपासून सुरू होते. पुण्याच्या खेड्यांतील मुले अठराव्या वर्षीच काठावर सापडली होती.

आणि उपदेश? ज्याचा बॉडी मास इंडेक्स अठरा-एकोणीस आहे, त्याला ‘वजन कमी करा’ हे कसे सांगणार? त्याला हवे आहेत स्नायू, डाळी, अंडी, भाजी, कमी भात आणि कमी खर्रा. आणि त्याच्या बहिणीला, लग्नाआधी आणि गर्भारपणात, पोटभर अन्न. कृशाचे पोषण करावे हा जुना विधी येथे अर्थ धारण करतो. तो सिद्धांत जसाच्या तसा उचलावा म्हणून नव्हे, तर एकाच नावाच्या आजाराला दोन देहांत दोन वेगळे उपाय लागू शकतात, ही त्यातली दृष्टी घ्यावी म्हणून.

राहता राहिला शब्द. ‘बॉर्डर’ हे स्थळाचे रूपक आहे. ते माणसाला एका जागी उभे करते आणि अजून अलीकडे असल्याचा दिलासा देते. ‘पूर्वरूप’ हे काळाचे रूपक आहे. काहीतरी येत आहे, त्याची खूण उमटली आहे आणि ती वाचायला अवधी आहे, असे ते सांगते. ते शिक्काही मारत नाही, कारण पूर्वरूप म्हणजे रूप नव्हे. दवाखान्यात उद्यापासून ‘पूर्वरूप’ म्हणा असा आग्रह आम्ही धरीत नाही. संस्कृत शब्दांनी साखर उतरत नाही. ‘साखर वाढायला लागली आहे, अजून हाताबाहेर गेलेली नाही’ एवढे साधे वाक्य झाडीबोलीत, गोंडीत, माडियात सांगितले तरी पुरे. त्या वाक्यात क्रियापद आहे, काळ आहे, आणि ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही शिल्लक आहे. ‘बॉर्डरवर आहे’ या वाक्यात ते नाही.